बर्फाच्या कारखान्यावरचा मोजा

अहो, मान जरा वर करा! छपरावरून मी मोजा बोलतोय. पायातला नव्हे, मला वास येत नाही. मी वाऱ्याचा मोजा, बर्फाच्या कारखान्यावर खांबाला टांगलेला, नारिंगी, दोन्हीकडून उघडा.

ताडपत्र्या शिवणाऱ्या एका शिंप्यानं मला शिवलं. शिवता शिवता बायकोला म्हणाला, "ही बाही कुणाची गं? आत हात घालायचा की हत्ती?" मी तिथंच हसायला शिकलो. माझी शाळा तेवढीच.

काम सोपं. बर्फ गोठवायला इथे अमोनिया वायू लागतो. तो गळला, तर माझं शेपूट जिकडे, तिकडेच जाणार. माणसांनी तिकडे फिरकायचं नाही, बस्स.

पण वर बघतो कोण? दर महिन्याला सराव व्हायचा, तोही आदल्या दिवशी सांगून! भोंगा वाजला की कॉम्प्रेसरवाले मामा लाल झेंडा घेऊन पुढे, बाकीचे चाळीस जण मागे, थेट कँटीनच्या फाटकाकडे. कारण सरावाचा चहा तिथं मिळायचा. काही वस्ताद तर भोंग्याआधीच कप धरून उभे!

मग सुरक्षा अधिकारी म्हणून मामांची सख्खी भाची आली.

"मामा, आधी वर बघा. मग फाटक ठरवा."

"तुला कडेवर घेऊन हिंडलोय मी. आता तू मला रस्ता दाखवणार?"

"निदान मागच्या फाटकातल्या सायकली तरी हलवा."

"बघू गं."

मामांचं 'बघू' म्हणजे झालंच! भाचीनं सायकली स्वतः हलवल्या. रोज हलवल्या.

एका सकाळी पाइपाचा सांधा खरोखरच सुटला. भोंगा बोंबलला. मामा सवयीनं निघाले कँटीनकडे, मागे चाळीस जीव. वाराही तिकडेच! मी शेपूट आपटून आपटून दमलो. तेवढ्यात कँटीनवाल्या मावशींना दंडाला धरून भाची समोरून धावत आली आणि वाटेत हात पसरून उभी राहिली.

"मामा, वर!"

मामांनी चिडूनच मान वर केली. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दिसलो!

"फिरा रे सगळे! मागचं फाटक!"

फाटक मोकळं होतं. भराभर सगळे बाहेर. भाचीनं यादी वाचली, एकूण एक हजर. मावशींच्या हातात अजून झारा! मामा मात्र डोळे पुसत होते. म्हणे, "अमोनिया झोंबला." वारा तर उलटीकडे होता! माझ्यापुढे थापा?

आता माझा रंग विटलाय, शिवण उसवलीय. आज मामा स्वतःच शिडी चढून आलेत. नवा मोजा खांद्यावर, हात माझ्या गाठीवर.

"चल म्हाताऱ्या, खाली. लई नाचलास."

येतो, बाबांनो. नवा अजून कडक आहे, थट्टामस्करी त्याला जमत नाही. पण वाऱ्याबद्दल तो खोटं बोलणार नाही. कामावर येताना त्याच्याकडे एकदा बघत जा. चहा काय, कुठल्याही फाटकावर गोडच लागतो.