बिनफोडणीचं वरण

"या वरणले फोडणी कोन देई? तुन्हा बाप?" रतिलाल पाटलांनी ताट सरकवलं.

पदर नाकापर्यंत ओढलेली त्यांची सून धनुबाई चुलीपाशीच म्हणाली, "घरमा देवी शे, आबा."

घरात गोवर असला की देवी आलेली समजायची आणि फोडणी द्यायची नाही, ही रीत सुनेला पाटलांनीच शिकवली होती. दोन महिन्यांपूर्वी मोडली तीही पाटलांनीच. पाच वर्षांच्या नातीच्या, तुळशीच्या अंगावरचं पुरळ पुरतं मावळलंही नव्हतं. पण मामलेदार जेवायला येणार होते. भल्या पाटलांनी देवीला वाजतगाजत निरोप दिला, गावजेवण घातलं. साहेब मिरचीचा रस्सा ओरपून, ढेकर देऊन निघून गेले.

पाचव्या दिवशी पोर पुन्हा तापली. मान ताठ, डोळे तारवटलेले, हाक मारली तर ओळख नाही.

"आबा, पोरले नंदुरबारना दवाखानामा लई चाला," धनुबाई म्हणाली.

"मी देवीले वाटे लाई दिन्ही!" पाटील गरजले. "आते परत ताप उना, तं लोक काय म्हनतीन? पाटीलना निवद देवीले नही चालना?"

नवरा लोटन खांबाला टेकून मिशी पिळत होता. गावात मारामाऱ्या करणारा हा मर्द बापासमोर मांजर व्हायचा. चार दिवस दुसरा खांब होऊन उभा राहिला. तापाच्या पाचव्या दिवशी पोरीला झटके आले, तेव्हा धनुबाई तिला पाठीशी बांधून पायी निघाली.

डॉक्टर म्हणाले, "गोवर गेल्यावर कधीकधी मेंदूला सूज येते, बाई. हमखास औषध नाही. पण हिच्या पोटात पाणीसुद्धा नाही! आधी का नाही आणलं?"

सासऱ्याचं नाव घ्यायचीही धनुबाईला किळस आली.

तुळशी जगली. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. घरी परतल्या दिवसापासून वरण बिनफोडणीचं.

"देवी गई ना!" आज पाटील ओरडले.

"गई नही, आबा. ती बठेल शे." धनुबाईने तुळशीकडे बोट केलं.

देवीचं नाव घेणाऱ्या सुनेवर हात उगारायची छाती त्या भित्र्या माणसात नव्हती. मिरची पिकवणाऱ्या गावचा पाटील सात वर्षं मिळमिळीत जेवला आणि तसाच मेला.

तेराव्याला धनुबाईने कढईत तेल ओतलं. मोहरी तडतडली, सुक्या मिरच्या पडल्या. चुलीजवळ बसलेल्या तुळशीला ठसका लागला. धनुबाईने पदराने तिचं नाक पुसलं, आणि पहिलं ताट तिला वाढलं.