नऊचा आकडा

"आता किती?" जिन्याच्या तोंडाशी येऊन घड्याळजींनी विचारलं.

"नऊ," पलंगावरून आजी म्हणाल्या. श्वासाच्या मशीनची नळी नाकाला लावलेली, त्यामुळे त्या मोजकंच बोलत.

"उगाच माझं मन राखू नकोस. माझ्या मीटरवर तीनच अँपिअर दिसतायत, तेवढ्यावर तुझं मशीन चालायचं नाही."

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या या माणसाने गच्चीवर तीन सोलर पॅनेल स्वतःच्या हाताने बसवली होती. रोज दुपारी दोन तास वीज जायची आणि आजींचं मशीन बंद पडायचं. मुलाने निक्षून सांगितलं होतं, रविवारपर्यंत सोय झाली नाही तर आईला मी घेऊन जाणार. त्याच्याकडे वीज जात नव्हती, पण दोघांना पुरेल एवढी जागाही नव्हती. आज शनिवार. भरलेली बॅग दाराशी होती.

"जोड पुन्हा उघडून बघतो," म्हणत घड्याळजी पाचव्यांदा वर गेले.

एरवी आजी हाक आली की भिंतीवरच्या सोलरच्या डब्यातला प्रवाहाचा हिरवा आकडा वाचून सांगत आणि डोळे मिटत. या वेळी त्या बघतच राहिल्या. वर पावलं वाजली, थांबली. नवाचे तीन झाले. पावलं जिन्याकडे वळली. तिनाचे पुन्हा नऊ.

आजींना हसू आलं, पाठोपाठ खोकला.

"अहो, खाली या."

"अगं, तो जोड..."

"राहू दे जोड. इथे बसा माझ्याजवळ."

ते कुरकुरत बसले. दोघं आकड्याकडे बघत राहिले. नऊ हलेना.

"पॅनेलवर ओणवं होऊन मोजता ना? घड्याळात डोकं खुपसायचात तसं?"

घड्याळजींनी वर छताकडे पाहिलं. तिन्ही पॅनेल एका माळेत जोडलेली. एकावर सावली पडली तरी तिघांचा प्रवाह घसरतो, हे त्यांनीच तिला समजावलं होतं.

"म्हणजे आडवा मीच येत होतो."

"तुमचं टक्कल. बाकी काम चोख आहे."

दोन वाजता पंखा मंदावत थांबला. मशीनची घरघर मात्र चालूच राहिली. घड्याळजींनी तिचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग आजींनी मुलाला फोन लावला. "उद्या ये, पण नुसता जेवायला. बॅग केव्हाच रिकामी केली मी."

घड्याळजी उठले, दाराशी गेले, आणि एकेक कपडा काढून कपाटात ठेवू लागले.