अडगळीतलं अरण्य

माझ्या आवाजाबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातून दीड दिवस घरी असतो. तो म्हणायचा, पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तिसऱ्या मजल्यावर काय चाललंय ते कळतं, बेल वाजवायचीही गरज नाही. मीही हसायचे. पण गेल्या वर्षापासून माझी सहा वर्षांची मुलगी मी नुसती हाक मारली तरी दोन्ही कानांवर हात ठेवायला लागली. ‘जेवायला चल’ म्हटलं तरी कानांवर हात. शाळेतल्या बाईंनी मला थांबवून विचारलं, हिचे कान दुखतात का हो? मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवते. दुखणं कुठे होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून राखेच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून आल्याआल्या मी जाहीर केलं की ईस्टरपर्यंत मी ओरडणार नाही. लोक मटण सोडतात, मी आवाज सोडला. मुलीने कार्टून सोडलं. तीन वर्षांच्या धाकट्याने, म्हणजे आमच्या भोपळ्याने, आधी गाजर सोडलं. ते तो मुळातच खात नव्हता. समजूत घातल्यावर त्याने गोळ्या-चॉकलेटं सोडली, तीही भोकाड पसरून.

“आणि मोडलं तर?” मुलीने विचारलं. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो ते उगाच नाही.

“तर देवाची क्षमा मागायची.”

“नुसती?”

येशू चाळीस दिवस अरण्यात एकटा उपाशी राहिला, हे फादरांनी त्याच सकाळी सांगितलं होतं. वकीलबाईंनी ते नीट लक्षात ठेवलं होतं. जो मोडेल त्याने अरण्यात जायचं, असा कायदा तिने केला. अरण्य म्हणजे आमची अडगळीची खोली. तिथे दोन सुटकेसी, इस्त्रीचं मोडकं टेबल, मुलांचा जुना पाळणा आणि कापडाच्या चिंध्यांची पोती होती. शिक्षा दहा मिनिटांची. फोनवर गजर लावायचा आणि फोन बाहेरच ठेवायचा.

मी घरीच शिवणकाम करते. कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला पिशव्या भरभरून पँटी पाठवतो, मी त्यांच्या चेन बदलते, खालच्या कडा दुमडून शिवते. मशीन खिडकीशी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. दुपारी मुलगी शाळेतून आली की दोघं माझ्या अवतीभवती असतात. भोपळ्याला मशीनच्या पायडलवरच बसायचं असतं. बाथरूमला गेले तर दाराच्या फटीतून चार बोटं आत येतात आणि विचारतात, झालं का? मला मुलं आवडत नाहीत असं नाही. पण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कुणी ना कुणी मला धरून असतं, आणि कधीकधी वाटतं की हात झटकून सरळ जिना उतरावा आणि चालत सुटावं. कुठे, ते नाही सुचत. चपला घालेपर्यंत दोघंही चपला घालून तयार असतात.

पाचव्या दिवशी माझा नेम मोडला. भोपळ्याने मशीनचं तेल टाचण्यांच्या डबीत ओतलं आणि मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या काकूंनी खिडकी लावून घेतली. मुलीने कानांवरचे हात काढले आणि शांतपणे म्हणाली, “अरण्य.”

गेले. सुटकेसवर बसले. पहिली दोन मिनिटं खरंच वाईट वाटलं, मी प्रार्थनाही केली. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की माझ्या गुडघ्याला कुणी लोंबकळत नाहीये. मी पाय लांब केले. डोळे मिटले. गजर वाजला तेव्हा मला राग आला तो त्या गजराचाच. बाहेर येऊन दोघांना पोटाशी धरलं, गोड बोलले, संध्याकाळी गोष्टसुद्धा सांगितली. मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत होती.

खरं सांगायचं तर मला चटक लागली. दुसऱ्या आठवड्यात मी मोज्याची जोडी सापडत नाही म्हणून ओरडले. मग दुधाच्या पेल्यावरून, मग दार आपटल्यावरून. पाप केलं की प्रायश्चित्त करावं लागतं हे लहानपणापासून ऐकत आले होते. प्रायश्चित्त मिळावं म्हणून पाप करणारी मीच पहिली असेन. पाळण्यामागे एक उशी नेऊन ठेवली. बिस्किटांचा पुडाही ठेवला, उपासाच्या दिवसांत. मनाला सांगितलं, शिक्षा ती शिक्षा, बसायचं कशावर हे कुठे लिहिलंय?

तिसऱ्या आठवड्यातल्या त्या शुक्रवारी पाच वाजता लॉन्ड्रीवाला पिशवी न्यायला येणार होता. इस्त्री तापत ठेवली होती, फिकट रंगाच्या सहा पँटी खुर्चीवर रचून ठेवल्या होत्या. भोपळ्या पाण्याचा पेला घेऊन आला आणि सगळं पाणी त्यांच्यावर ओतलं. सांडलं नाही, ओतलं. मी ओरडले, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच अडगळीत जाऊन दार लोटून घेतलं.

उशी पाठीशी घेतली. तेवढ्यात बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि वरची कडी लागली. भोपळ्याने अडगळीत जाऊन बटणं गिळू नयेत म्हणून त्याच्या बापाने ती कडी मुद्दाम उंच बसवली होती. दाराला आतून काहीच नव्हतं.

“आई बंद!” भोपळ्या आनंदाने म्हणाला, आणि धपकन खाली उतरला.

मला आधी हसू आलं. मग इस्त्री आठवली.

इस्त्री चालू, टेबलाशी कापडं, आणि घरात तीन आणि सहा वर्षांची दोन माणसं. मी दार ढकललं, लाथ मारून पाहिली. कडी माझ्या नवऱ्याने बसवलेली होती, ती कशाला हलतेय! घशापर्यंत आवाज आला होता. पण मी ओरडले असते तर मुलीने कान झाकले असते, आणि मग मी काय सांगतेय ते तिला ऐकूच गेलं नसतं. मी तोंड फटीशी नेलं आणि होता नव्हता तेवढा धीर गोळा करून हळू म्हटलं, “बाळा, ऐकतेस का? इस्त्रीचं बटण बंद कर. भिंतीवरचं. इस्त्रीला हात लावू नकोस.”

पावलं वाजली. बटण खट् झालं.

“केलं.”

“शाब्बास. आता स्टुलावर चढून कडी काढ.”

“अजून दहा मिनिटं झाली नाहीत. मी गजर लावलाय.”

“चालेल. काढ.”

“भोपळ्याला वाटलं, तू जास्त वेळ आत राहिलीस की जास्त छान होऊन येशील.” ती दाराशी अगदी चिकटून बोलत होती. “त्याला रागावू नकोस. पाणी ओतायला मीच सांगितलं होतं.”

“तू? का गं?”

“सकाळपासून तुझं तोंड उतरलेलं होतं. तू आत गेलीस की हसत बाहेर येतेस. मोजेपण मीच लपवले होते.”

“पण आत जायच्या आधी मी ओरडते ना, बाळा.”

“हो. पण आम्हाला आधीच माहीत असतं ना. मी कान झाकून घेते. भोपळ्यालापण शिकवलंय. मग एवढं लागत नाही.”

बाहेर गजर वाजायला लागला. तिने जाऊन तो बंद केला, स्टूल लावलं, दोन-तीनदा धडपडली आणि कडी काढली.

दार उघडलं तेव्हा ती स्टुलावरच उभी होती. तिने आधी माझा चेहरा पाहिला. मी हसायचा प्रयत्न केला, पण डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसलं.

“आज हसली नाहीस,” ती म्हणाली. “परत आत जायचंय? आम्ही गजर लावतो.”

“नको. आता मी आत नाही जाणार. मी इथेच तुमच्याजवळ थांबते.”

ती स्टुलावरून उतरली. भोपळ्याचा हात धरला आणि त्याला घेऊन दोन पावलं मागे सरकली.