पहिल्यापेक्षा

धोंडिबांचा मेसेज रोज सकाळी आठला येतो: "पहिल्यापेक्षा ८ टक्के वाढ." सोयगावकडच्या आमच्या एका तलावाचे ते चौकीदार. बांधाच्या पायथ्याशी पाइपातून पाझर बाहेर पडतो, त्याखाली ते वीस लिटरची बकेट धरतात आणि किती सेकंदांत भरली ते बघतात. पहिल्या नोंदीपेक्षा पाझर पन्नास टक्क्यांनी वाढला की खालची वस्ती रिकामी करायची, असा नियम. वस्तीत चाळीस घरं आहेत. त्यातलं एक धोंडिबांचंच.

मी इकडं संभाजीनगरच्या ऑफिसात बसते. सेकंद, लिटर असलं लांबण लावू नका, पहिल्यापेक्षा किती टक्के तेवढं पाठवा, असं मीच त्यांना दटावलं होतं. मला वेळ वाचवायची भारी हौस! नऊ दिवस आठ टक्के आले आणि नऊ दिवस मी अहवालात "स्थिर" लिहिलं.

चौथ्या दिवशी त्यांची बायको साळूबाई शेळ्या घेऊन टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसली. तिच्यामागं अर्धी वस्ती. मी फोनवर तिला चांगलंच झापलं. आठ टक्क्यांनी काही होत नाही, म्हटलं, घरी जा. बिचारी गेली.

आज, दहाव्या दिवशी, मेसेजऐवजी फोन आला.

"मॅडम, पाणी जरा गढूळ येऊ लागलंय."

पाझर गढूळ, म्हणजे बांधाची माती आतून वाहून चाललीय.

"बकेट किती सेकंदांत भरते?"

"चौदा."

"आणि सुरुवातीला?"

"मापाया लागलो तवा तीस."

"अहो, मग दुपटीच्या वर गेलं! आठ टक्के कुठून आणलेत?"

"आठच की, मॅडम. पहिल्यापेक्षा."

"पहिल्यापेक्षा म्हणजे?"

"म्हंजी आदल्या दिवसापेक्षा. कालच्यापेक्षा."

आजारी माणसाला आपण विचारतो, पहिल्यापेक्षा बरं आहे का? तेव्हा पहिला दिवस कुणाच्या डोक्यात असतो? त्यांनी मराठीच ऐकली होती. रोज कालच्यावर आठ टक्के, आणि काल स्वतःच परवापेक्षा आठ टक्क्यांनी फुगलेला. पन्नासची रेघ पाण्यानं सहाव्याच वाढीला ओलांडली होती, आणि मी खाली "स्थिर" लिहून सही ठोकत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"धोंडिबा, वस्ती उठवा. आत्ताच्या आत्ता!"

ते फोन हातात धरूनच पळाले. धापा ऐकू आल्या, मग आरोळ्या, मग एकदम साळूबाईचा आवाज.

"मॅडम, आता काहून उठवता? आज बी आठच टक्के हाय म्हणं. तुम्हीच म्हणल्या व्हत्या ना, आठ टक्क्यानं काय व्हत नाय? माझी भाकर हाय तव्यावर."

"साळूबाई, मी चुकले! भाकर राहू द्या, वर पळा!"

"काय?" ती ओरडली. "ऐकू येत नाय, मॅडम. हितं पाण्याचा लई आवाज हाय."