वाघ्याचा पेला

सोमशेखरला मिरच्या झोंबायच्या त्या एकाच शब्दानं, 'प्रसेनजीतदादा'. फोरम काढला कुणी? सोमशेखरनं. पेठेतल्या आपल्या सायबर कॅफेत बसून फुटबॉलवाल्यांसाठी इंटरनेटवर 'मैदान कट्टा' उभा केला तो त्यानंच. आणि २००७ साल येईस्तोवर तिथं दादा कोण झाला, तर गडमुडशिंगीहून मोटरसायकलवर येणारा, कालपरवाचा प्रसेनजीत.

आता कोल्हापुरात पेठेगणिक फुटबॉलचा संघ आणि संघागणिक डोकं फिरलेली पोरं. मॅच संपली की मैदानावरचं भांडण घरी न जाता सरळ कॉम्प्युटरवर यायचं आणि एकमेकांची आयमाय निघायची. ते निस्तरायचं काम मॉडरेटरचं. सोमशेखरचा खाक्या कडक. शिवी दिसली की पुसायची, परत दिसली की माणूस बाहेर. एकाच माणसानं दोन नावं घेतली तर कायमचा बाहेर, हा नियम तर त्यानं स्वतः लिहून सगळ्यात वर लावला होता. पोरं त्याला भ्यायची, पण त्याचं नाव कुणी प्रेमानं घ्यायचं नाही.

दुसरा मॉडरेटर प्रसेनजीत. त्याचं तसं नव्हतं. तोही शिवी पुसायचा, पण मग दोघा भांडणाऱ्यांना लिहायचा, "रविवारी सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. दूध माझ्याकडनं." तिथं म्हशी बांधलेल्या असतात, डोळ्यांसमोर धार काढतात आणि फेसाळता पेला हातात देतात. ओठावर फेसाची मिशी आलेल्या माणसाला शिवी देववत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि घ्या, खरंच पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परतायची, वर फोरमवर 'दादा, दादा' करत बसायची. हे वाचून सोमशेखरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं डोळे फोडून घेतले त्यानं, आणि नाव कुणाचं, तर दूध पाजणाऱ्याचं.

त्यात गणपतरावांचा फोन आला. हे जुने रेफ्री, फोरमचा खर्च त्यांचाच.

"सोमा, सीझन संपला की एकच मुख्य मॉडरेटर नेमावा म्हणतोय. पोरं प्रसेनजीतचं नाव घ्यायला लागल्यात. तुला काय वाटतंय?"

"चांगला हाय की पोरगा," सोमशेखर म्हणाला. फोन ठेवला आणि कॅफेतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून त्यानं नवीन नाव उघडलं, 'वाघ्या'.

वाघ्यानं पहिल्याच दिवशी लिहिलं की वरच्या पेठेचा गोलकीपर गुंडू पैसे खाऊन गोल सोडतो. अहो, गुंडू म्हणजे तालमीतला गडी, मांजरासारखा झेपावणारा, आणि इमानाला एकदम पक्का. पेठ पेटली. प्रसेनजीतनं मजकूर पुसला आणि नेहमीसारखं लिहिलं, वाघ्या आणि गुंडू, रविवारी दुधाला या. सोमशेखरला तेच हवं होतं. वाघ्या जन्मात यायचा नव्हता. सगळ्या पेठेसमोर प्रसेनजीतचं दूध नासलेलं त्याला बघायचं होतं.

रविवारी तो मुद्दाम गेला. कट्ट्यावर ही गर्दी. गुंडू बाह्या सरसावून उभा, मागं त्याची तालमीतली पोरं. प्रसेनजीतनं दोन पेले भरून घेतले होते. एक गुंडूच्या हातात दिला, दुसरा वाघ्याचा म्हणून कट्ट्यावर ठेवला. बराच वेळ झाला तरी कोण येईना. वाघ्याच्या पेल्यातला फेस बसला.

"कोण हाय त्यो?" गुंडू म्हणाला. "तुला म्हाईत असंल तर सांग, दादा. दुकान असंल तर दुकान फोडतो, घर असंल तर घर."

सोमशेखर मनातनं खूश झाला. आता कसा बोलतो बघू हा दुधवाला. तेवढ्यात प्रसेनजीतनं मान वळवून सरळ त्याच्याकडं बघितलं.

प्रसेनजीतनं कट्ट्यावरचा पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि म्हणाला, "वाघ्या मीच. चुकलं माझं, गुंडू."

गुंडूनं हात उगारला, पण त्या हातात पेला होता आणि दूध सांडलं अर्धं. मग तो उरलेलं प्याला. पोरं मात्र नको नको ते बोलत पांगली.

सोमशेखरनं प्रसेनजीतला गाडीपाशी गाठलं. "असं का केलंस?"

"अण्णा, कुणी कुठल्या कॉम्प्युटरवरनं लिहिलं ते मॉडरेटरला दिसतंय. तुम्हीच दावलंसा की मला." आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमचं दुकान हाय पेठंत. तुम्हाला हितंच ऱ्हायाचंय. माझं काय, मी आपला मुडशिंगीला जातोय."

रागाच्या भरात सोमशेखर नेमकं तेच विसरला होता. आता त्याला लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त जळफळाट झाला. शिव्या खाऊनही हा आपल्यापेक्षा वरच.

संध्याकाळी गणपतरावांचा फोन आला. "मुख्य तूच. आणि दोन नावांचा नियम तुझाच हाय. काढ त्याला."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं. निघालं ते एवढंच, "व्हय, काढतो." आणि त्यानं बटण दाबून प्रसेनजीतला कायमचं काढून टाकलं.

सीझन संपता संपता फोरमवर पुन्हा जुंपली. सोमशेखरनं पुसून बघितलं, दोघांना बाहेर काढून बघितलं, भांडण वाढतच गेलं. शेवटी नाक मुठीत धरून त्यानं लिहिलं, "रविवारी सकाळी दूध कट्ट्यावर या. दूध माझ्याकडनं."

तो वेळेवर गेला, दोन पेले भरून घेतले आणि उभा राहिला. भांडणारे दोघंही आले होते, पण पलीकडच्या म्हशीपाशी. तिथं प्रसेनजीत होता; फोरम सुटला तरी रविवारचं दूध त्यानं सोडलं नव्हतं. गुंडू त्याच्या खांद्यावर हात टाकून त्या दोघांना काहीतरी सांगत होता, आणि चौघांच्याही ओठांवर फेस होता.

प्रसेनजीतनं त्याला बघितलं, हात वर केला. "अण्णा, या की हिकडं."

सोमशेखर जागचा हलला नाही. हातातल्या दोन पेल्यांतला एक तो प्याला आणि दुसऱ्याचं काय करावं ते त्याला कळेना.