मनकर्णाबाईंचं पन्हं

दौलत गुरुजींनी भीमपूरला नवं घर बांधलं आणि शाळेतले तीन सहकारी घर पाहायला येणार म्हणाले. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. गुरुजींची आई मनकर्णाबाई हिने सकाळीच निखाऱ्यात कैऱ्या भाजल्या, गर हाताने कुस्करून गूळ मिसळला, वर वेलची कुटून टाकली.

गुरुजींनी मात्र आदल्या दिवशीच आदिलाबादहून थंड पेयाच्या बाटल्यांचा खोका आणून ठेवला होता. कशासाठी, हे तुम्हाआम्हाला काय सांगायचं? हे सहकारी शाळेत त्यांच्या खांद्यावर हात टाकत, चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालत. पण बौद्धाच्या घरी काही घ्यायची वेळ आली की म्हणत, "बाटली चालेल." बाटली कारखान्यातली, झाकण त्यांच्या डोळ्यांदेखत उघडायचं. घरच्या कुणाचा हात लागायला नको आणि कुणाचं मनही दुखायला नको. केवढी ही सोय!

गुरुजी पन्ह्याचं पातेलं आतल्या खोलीत नेऊ लागले.

"काऊन लपवून राह्यला रे?" आईने विचारलं.

"माय, त्याइले बाटलीच लागते. उगाच तुहा अपमान नको."

मनकर्णाबाई खाली बसली. "मी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाओ, तवा मले वरूनच ओंजळीत पानी ओतत. ते त्याइचं वावर होतं, मी गप राह्यली. हे त आपलं घर हाय ना? इथं बी माहा हात वाईट? अन् आज हे त्याइनं नाई, तूनं ठरवलं, बापू!"

गुरुजींना कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं. खरंच होतं ते! पाहुणे यायच्या आधीच त्यांनी आपल्या हाताने आईला बाजूला सारलं होतं.

पाहुणे आले, घर पाहून बैठकीत बसले. गुरुजींनी स्वतः पन्ह्याचे पेले आणले.

"हे माझ्या आईनं केलंय. घ्या."

एकाचा घसा बसला होता. दुसऱ्याला बसची घाई झाली. उरले उत्तमराव, बारा वर्षांचे मित्र. त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला, थांबले आणि खाली ठेवला.

"घरी कळलं त काय सांगू, दौलत?" ते मान खाली घालून म्हणाले.

तिघेही गेले. पेले तसेच भरलेले राहिले. गुरुजी ते आत आईकडे घेऊन गेले. त्यांना रडू फुटलं.

"कोनीच नाई पेलं, माय."

"नाई पेले त नाई पेले. तूनं चारचौघात माहं नाव त घेतलं."

बंधूंनो, शिवाशिव पाणवठ्यावरून उठली म्हणून आपण निर्धास्त आहोत. ती पाहुण्यांच्या खोलीत येऊन बसली आहे, आणि अपमान टाळण्याच्या नावाखाली आपणच तिला पाट मांडून देतो. आपल्या माणसांच्या हातचं आपण आधी ताठ मानेने पुढे करावं. ज्याला ते चालत नाही, त्याने खुशाल तहानलेलं जावं!