एक्केचाळीस अवजारांची यादी

भाचीचं पत्र येऊन चार महिने झाले होते, उत्तर अजून गेलं नव्हतं. मामांनी ते शब्दकोशात खूण म्हणून ठेवलं होतं, रोज दिसावं म्हणून. ते रोज दिसायचं आणि रोज टोचायचं. मजकूर थोडाच होता. पहिल्यांदाच स्वतःच्या घरात एकटी राहतेय, कपाटाचं दार लोंबतंय, नळ ठिबकतोय, तर घरात कुठली अवजारं ठेवू ते कळव. शेवटी लिहिलं होतं, ‘बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच आहेस.’

त्या ‘तूच’नं मामांचा हात थांबला होता. त्यांचा जन्म छापखान्यातली मुद्रितं तपासण्यात गेलेला. दुसऱ्याच्या चुका काढणं जमायचं, पण भिंतीत खिळा ठोकायला शेजारी लागायचा. चुकीचं सांगितलं तर पोरीचा विश्वास उडेल, म्हणून ते गप्प राहिले. दर महिन्याला येणारं तिचं पत्र मग येईनासं झालं.

तेव्हा मामांनी वाचनालयातून तीन पुस्तकं आणली, सुवाच्य अक्षरात एक्केचाळीस अवजारांची यादी केली आणि खात्री करून घ्यायला कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान गाठलं.

दुकानदार बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली.

“काका, घर बांधताय की पाडताय?”

मामांनी खाली मान घालून सगळी हकिगत सांगितली. यातलं तुम्ही स्वतः काय वापरलंय, असं बाईंनी विचारलं. मामांचं बोट यादीवर कुठंच थांबलं नाही.

“मग आधी स्वतःच्या घरातलं काहीतरी दुरुस्त करा,” बाई म्हणाल्या. “जे हाताला लागेल तेवढंच तिला कळवा.”

लोंबणारं दार मामांच्या कपाटालाही होतं. त्यांनी चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, कारण पुस्तकात तो पहिला होता. बिजागरीचा स्क्रू निघाला फुलीचा. मामांनी नेटानं झटून त्याची फुली पार गुळगुळीत करून टाकली. दुसऱ्या दिवशी बाईंनी फुलीचा ड्रायव्हर दिला आणि स्क्रू नि ड्रायव्हरच्या मध्ये रुंद रबरबँड धरून दाबून फिरवायला सांगितलं. स्क्रू सुटला. नवा बसेना, कारण भोक सैल झालेलं. त्यावर बाईंचा तोडगा होता गोंदात बुडवलेली आगकाडी. पुढे बाहेर राहिलेलं काडीचं टोक तोडायला पक्कड आली, मामांचाही नळ ठिबकत होता, त्यासाठी सरकता पाना आला.

“तुम्ही तर पेपरवाल्यासारखे रोज सकाळी हजर,” बाई म्हणाल्या.

दार अगदी सरळ बसलं नाही, पण मिटलं. मामांनी ते पाच-सहा वेळा उघडून मिटून पाहिलं.

मग ते लिहायला बसले. दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सरकता पाना, गोंद, काड्यापेटी, रबरबँड. प्रत्येकापुढे आपण त्यानं काय केलं आणि काय बिघडवलं, तेही लिहिलं. ‘हातोडीही ठेव म्हणतात. मी अजून वापरलेली नाही, म्हणून खात्री देत नाही. उत्तराला उशीर झाला, कारण मला यातलं काही येत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती.’

पाकिटात त्यांनी तो गुळगुळीत झालेला स्क्रूही घातला.

टपालपेटीपाशी सवयीनं पाकीट पुन्हा उघडून मजकूर तपासावासा वाटला. मामांनी तो मोह आवरला. पाकीट आत पडलं, आणि पेटीच्या तळाशी स्क्रू खट्कन वाजला.